बेळगाव-निपाणीकडे समुद्री जीवाश्मांचा नकाशा करताय? या चुका टाळा

विज्ञान प्रदर्शनाचे दिवस आले की सीमाभागातल्या एखाद्या तरी शाळेत हा तक्ता हमखास दिसतो. भारताचा नकाशा, त्यावर रंगीत टिकल्या आणि वर ठळक अक्षरांत 'प्राचीन समुद्री प्राण्यांचे जीवाश्म कुठे सापडतात?' पोरांनी मेहनत घेतलेली असते, बाईंनी रात्री जागून अक्षर काढून दिलेलं असतं. कच्छवर टिकली, स्पितीवर टिकली, तमिळनाडूत अरियलूरवर टिकली. इथवर सगळं ठीक. मग आपल्या जिल्ह्याचं नाव यायलाच हवं म्हणून एक टिकली बेळगाववर पडते. कधी गोकाकच्या धबधब्यावर, कधी सौंदत्तीच्या यल्लम्मा डोंगरावर, कधी खानापूरच्या रानात.

ती टिकली काढा म्हटलं की चेहरे उतरतात. पण तिच्या जागी जे खरं सांगता येतं ते जास्त भारी आहे. हा लेख अशा तक्त्यांसाठी, प्रोजेक्टसाठी आणि सुट्टीत दगड गोळा करत हिंडणाऱ्या हौशी मंडळींसाठी.

तालुका विचारण्याआधी खडक विचारा

नव्वद टक्के घोळ इथेच होतो, असं म्हटलं तरी चालेल. ट्रायलोबाइट (खंडाखंडांच्या कवचाचे, आता नामशेष), अमोनाइट (चक्राकार शंखाचे, तेही नामशेष), समुद्री साळिंदर म्हणवणारे सी अर्चिन, शिंपले हे सगळे समुद्रात जगले, मेले, गाळात पुरले गेले आणि त्या गाळाचा खडक झाला. म्हणजे दोन गोष्टी एकदमच जुळाव्या लागतात. खडक समुद्राच्या गाळाचा हवा आणि तो त्या प्राण्याच्या काळातला हवा. एकच जुळून भागत नाही.

आता आपला जिल्हा बघा. निपाणी, चिकोडी, हुक्केरी आणि बेळगाव शहराच्या बाजूला काळा पाषाण, म्हणजे बेसॉल्ट. दख्खनच्या लाव्हाचा हा दक्षिणेकडचा काठ, साधारण ६.६ कोटी वर्षांपूर्वी थरावर थर ओतला गेलेला. त्याच्या डोक्यावर जागोजागी जांभा. लाव्हात शिंपला शोधणं म्हणजे वेळेचा अपव्यय. खानापूरच्या दक्षिणेला आणि धारवाडकडे गेलात की २५० कोटी वर्षांहून जुने खडक लागतात. तिथे प्राण्यांचा प्रश्नच नाही.

उरला मधला पट्टा. गोकाक, सौंदत्ती, रामदुर्ग आणि पुढे बागलकोट, बदामी. इथे कलादगीचे गाळाचे खडक आहेत: वालुकाश्म, शेल (चिखलाचा पापुद्री खडक), चुनखडक, डोलोमाइट (चुनखडकाचाच भाऊबंद). उथळ समुद्राच्या खुणा त्यात ढळढळीत दिसतात, आणि नेमक्या याच खुणा पाहून लोक फसतात. समुद्र होता ना, मग समुद्री प्राणी असणारच, असा तर्क. पण या खडकांचा मोठा भाग १०० कोटी वर्षांहून जुना आहे. ट्रायलोबाइट अवतरले सुमारे ५२ कोटी वर्षांपूर्वी आणि संपले सुमारे २५ कोटी वर्षांपूर्वी. हिशेब सरळ आहे: आपल्याकडे समुद्र होता तेव्हा कवचाचे प्राणी जन्मालाच यायचे होते, आणि ते आले त्या काळातला समुद्री गाळ आपल्या जिल्ह्यात उरलेला नाही.

म्हणून तक्त्यावर बेळगावपुढे 'काही नाही' लिहायचं का? मुळीच नाही. लोकापूर, बागलकोट भागातल्या डोलोमाइटात स्ट्रोमॅटोलाइट आहेत. सूक्ष्म सायनोबॅक्टेरियांच्या चिकट थरावर गाळ बसायचा, त्यावर पुन्हा नवा थर चढायचा, असं करत घुमटासारखी रचना वाढत गेली. आडवा छेद मिळाला तर चिरलेल्या कोबीसारखी वळणं दिसतात. हा जीवाश्मच आहे, समुद्रातलाच आहे, फक्त प्राण्याचा नाही. टिकलीचा रंग वेगळा ठेवा आणि खाली एक ओळ लिहा. परीक्षक तिथेच थांबतील.

विजापूर, कलबुर्गीकडच्यांसाठी एक वाक्य: शहाबादी फरशीचा चुनखडकही याच जातीतला, ट्रायलोबाइटच्या आधीचा. घरातली फरशी भिंगाखाली घालून शिंपले शोधत बसू नका.

प्रत्येक शंख समुद्रातला नसतो

दख्खनचा लाव्हा एका दमात आला नाही. दोन लोंढ्यांमध्ये मोठी उसंत मिळाली तिथे तळी साचली, गवत-झाडं आली, गोगलगायी आल्या. मग पुढचा लोंढा त्यावर आला. या मधल्या पातळ थरांत फायसा नावाच्या गोगलगायींचे छोटे शंख सापडतात. हातात शंख आला की 'इथे समुद्र होता' ही बातमी व्हॉट्सअॅपवर फिरलीच म्हणून समजा. फायसा गोड्या पाण्यातली आहे. तिने समुद्र पाहिलेला नाही.

याला अपवादही सांगून ठेवतो, नाहीतर दुसऱ्या टोकाची चूक होईल. आंध्रातल्या राजमहेंद्रीजवळ लाव्हाचे लोंढे त्या वेळच्या किनाऱ्यापर्यंत पोचले होते, आणि तिथल्या लाव्हाखालच्या चुनखडकात खरोखर समुद्री शंख-शिंपले आहेत. 'लाव्हा आहे म्हणजे समुद्र नाही' असा सरसकट नियम करू नका. तो थर, ती जागा, त्यातला प्राणी, तिन्ही बघायचे.

गोकाकवाल्यांनी आणखी एक गोष्ट अभिमानाने लिहावी. रॉबर्ट ब्रूस फूट या भूवैज्ञानिकाला गोकाकजवळच्या नदीगाळात गेंड्याचे जीवाश्म मिळाले आणि १८७४ साली त्याने त्याला रायनोसेरॉस डेकॅनेन्सिस असं नाव दिलं. घटप्रभेच्या खोऱ्यात गेंडा! समुद्री तक्त्यावर त्याला जागा नाही, पण शेजारी एक चौकट काढायला कोण अडवतं?

दिसतं तसं नसतं

आता हातात आलेल्या दगडाकडे वळू. आपल्याकडे 'जीवाश्म' म्हणून जे फोटो येतात त्यातले बरेचसे ठरावीक चार-पाच प्रकारांतले असतात.

पहिला मान बेसॉल्टमधल्या पोकळ्यांचा. विहीर खणताना किंवा क्वारीत दगड फुटला की आत पांढऱ्या सुयांचा गुच्छ निघतो, मधल्या बिंदूपासून चहूबाजूंनी पसरलेला. हुबेहूब सी अर्चिन वाटतो. तो झिओलाइट गटातल्या खनिजाचा स्फटिक असतो, बहुधा स्कोलेसाइट किंवा मेसोलाइट. लाव्हा थंड होताना वायूचे बुडबुडे अडकले, पुढे त्या पोकळ्यांत पाणी झिरपत राहिलं आणि खनिजं वाढली. गारगोट्याही अशाच.

इथे अॅसिडची चाचणी दगा देते, हे नीट लक्षात घ्या. चुनखडीच्या शिंपल्यावर पातळ हायड्रोक्लोरिक अॅसिडचा थेंब टाकला की फसफसतं, हे सगळ्यांनी वाचलेलं असतं. पण बेसॉल्टच्या पोकळीत कॅल्साइटही भरतो, तोही तसाच फसफसतो. फसफसलं म्हणजे शिंपला, हा निष्कर्ष चूक. त्याऐवजी भिंग घ्या आणि कड बघा. स्फटिक पोकळीच्या भिंतीवरून आतल्या बाजूला वाढलेले दिसतात, आणि प्रत्येक पोकळीचा आकार वेगळा असतो. शिंपल्याला स्वतःची भिंत असते, तिची जाडी बऱ्यापैकी सारखी असते, वाढीच्या बारीक रेषा असतात. शिवाय शिंपला सहसा एकटा येत नाही. त्याच थरात त्याच नमुन्याची भावंडं मिळतात.

दुसरी फसगत वालुकाश्मावरच्या लाटांची. गोकाक, सौंदत्तीकडच्या लादीवर ओळीने उंच-सखल वळ्या दिसतात. लोक त्याला सापाची कात म्हणतात, माशाचे खवले म्हणतात. त्या पाण्याने वाळूवर उठवलेल्या वळ्या आहेत. बोट फिरवून बघा. वळीच्या दोन्ही बाजूंचा उतार सारखा असेल तर पाणी मागेपुढे हेलकावत होतं, म्हणजे लाटा. एक बाजू लांबट आणि दुसरी तीव्र असेल तर प्रवाह एका दिशेने वाहत होता, आणि तीव्र बाजू जिकडे तोंड करून आहे तिकडेच तो जात होता. इतक्या जुन्या पाण्याची दिशा आज बोटाने कळते. माझ्या मते खोट्या माशाच्या खवल्यांपेक्षा हे कितीतरी सरस प्रदर्शन आहे. फक्त लादी सुटी असेल तर ती मूळ जागेवरून फिरलेली असते, तेव्हा दिशा लिहायची तर जागेवरच्या अखंड खडकावरूनच लिहा.

बाकीचे पटकन सांगतो. फरशीच्या फुटलेल्या पृष्ठभागावरचं काळं नेच्यासारखं नक्षीकाम म्हणजे डेंड्राइट; मँगनीजच्या ऑक्साइडांनी भेगेत काढलेली रांगोळी म्हणा हवं तर, पण त्यात पानाची मधली शीर नसते. मुरमात मिळणारे गोल गरगरीत, पापुद्रे सुटणारे धोंडे म्हणजे अंडी नव्हेत. बेसॉल्ट कोपऱ्यांकडून झिजत गेला की असाच गोल होतो. जांभ्यातल्या वेड्यावाकड्या नळ्या म्हणजे समुद्री किड्यांची बिळं नव्हेत.

देवघरातला शाळिग्राम

'आमच्याकडे पिढ्यान्पिढ्या आहे, म्हणजे तो इथलाच' हे वाक्य ऐकायला मिळतंच. शाळिग्रामाच्या आतलं चक्र म्हणजे बऱ्याचदा अमोनाइटचा ठसा असतो, हे खरं. पण तो येतो नेपाळातल्या काली गंडकीच्या पात्रातून, मुक्तिनाथच्या परिसरातून. तिथला काळा शेल टेथिस नावाच्या समुद्रात साठला, ढोबळमानाने १५ कोटी वर्षांपूर्वी. पुढे भारताचा तुकडा आशियावर आदळला, समुद्रतळ वर उचलला गेला, नदीने शेल कापला आणि त्यातले कठीण गोटे गोल होत पात्रात आले. तिथून यात्रेकरूंच्या झोळीतून तुमच्या देवघरात.

हिमालयात शंख-शिंपले इतक्या उंचीवर आहेत म्हणजे समुद्र तिथवर चढला होता, ही समजूतही इथेच खोडून काढा. तळ वर गेला.

नकाशावर टिकली जिथे खडक आहे तिथे पडते, जिथे वस्तू पोचली तिथे नाही. हाच नियम बाजारातल्या वस्तूंना. ऑनलाइन मिळणारे चकचकीत कापलेले अमोनाइट बहुतेक मादागास्करचे, ट्रायलोबाइट बहुतेक मोरोक्कोचे, आणि मोरोक्कोच्या मालात राळ भरून बनवलेले नकली नमुने भरपूर असतात. एखाद्या हॉलच्या पिवळ्या फरशीत शिंपले दिसले तर तो दगड जैसलमेरकडचा असू शकतो. विक्रेत्याने देशाचं नाव सांगितलं तर तेवढ्यावर थांबू नका. कोणत्या खडकातून, कोणत्या गावाजवळून, हे विचारा. उत्तर नसेल तर वस्तू शोभेला ठेवा, तक्त्यावर नको.

निसर्गही वस्तू हलवतो. नॉटिलस हा अमोनाइटचा आजचा दूरचा नातेवाईक. तो पश्चिम प्रशांत महासागराच्या बाजूला राहतो, पण मेल्यावर त्याचं हवेच्या कप्प्यांचं कवच तरंगत पार भारताच्या किनाऱ्यापर्यंत येतं. अमोनाइटच्या बाबतीतही असं झालं असणार. तळाला चिकटून राहणारे प्राणी आणि पाण्यात तरंगणारे, पोहणारे प्राणी यांच्या टिकल्यांचा अर्थ एकच धरू नका. तळाचा शिंपला त्या जागेबद्दल जास्त खात्रीने बोलतो.

आजचा नकाशा जुन्या समुद्रावर पसरू नका

सीमेचा वाद आपल्याला काही नवा नाही. पण दगडांचा विचार करताना १९५६ ची रेषा थोडी बाजूला ठेवावी लागते. कलादगीचे खडक कर्नाटकात थांबत नाहीत. कोल्हापूरच्या दक्षिणेला आणि सिंधुदुर्गातही ते डोकं वर काढतात. माहिती शोधताना फक्त 'कर्नाटक' टाकलं तर अर्धा पट्टा गळतो. फक्त 'महाराष्ट्र' टाकलं तर दुसरा अर्धा. खडकाच्या गटाच्या नावाने शोधा.

देशांच्या बाबतीत हा घोळ आणखी मोठा होतो. स्कॉटलंडच्या वायव्य भागातले सुरुवातीच्या काळातले ट्रायलोबाइट त्याच बेटावरच्या वेल्सच्या ट्रायलोबाइटांशी जुळत नाहीत, उत्तर अमेरिकेच्या ट्रायलोबाइटांशी जुळतात. आजचा नकाशा बघून कुणीही चक्रावेल. कारण तेव्हा स्कॉटलंड आणि इंग्लंड यांच्यामध्ये आयापेटस नावाचा महासागर होता आणि स्कॉटलंडचा तो भाग अमेरिकेच्या तुकड्याला जोडलेला होता. महासागर मिटला, दोन किनारे एकमेकांना चिकटले आणि दोन वेगळ्या समुद्रांतले प्राणी एकाच बेटावर आले.

आपल्याकडचं उदाहरण हवं? कच्छचे जुरासिक काळातले (साधारण २० ते १४.५ कोटी वर्षांपूर्वीचे) अमोनाइट मादागास्कर आणि पूर्व आफ्रिकेच्या अमोनाइटांशी नातं सांगतात. तेव्हा भारत दक्षिण गोलार्धात, मादागास्करला खेटून होता. अरियलूरचे त्यानंतरच्या क्रिटेशस काळातले (साधारण १४.५ ते ६.६ कोटी वर्षांपूर्वीचे) अमोनाइटही मादागास्कर आणि दक्षिण आफ्रिकेकडच्यांशी जुळतात. आज मध्ये अख्खा हिंदी महासागर आहे म्हणून 'हे प्राणी इतकं पोहले कसे' असा प्रश्न तक्त्यावर लिहू नका. प्राण्यांपेक्षा जमीनच जास्त फिरली आहे.

युरिडेस्मा हा जाड कवचाचा, थंड पाण्यातला शिंपला तर मुद्दाम दाखवावा असा. पर्मियन काळाच्या सुरुवातीला (साधारण ३० कोटी वर्षांपूर्वी), हिमनद्या वितळत असताना तो पसरला. सापडतो कुठे? ऑस्ट्रेलियात, आफ्रिकेच्या दक्षिण भागात, अर्जेंटिनात, पाकिस्तानातल्या मिठाच्या डोंगररांगेत, आणि छत्तीसगडमध्ये मनेंद्रगढजवळ हसदेव नदीच्या काठी. आजच्या नकाशावर या टिकल्या जगभर विखुरलेल्या दिसतात. गोंडवनाचे, म्हणजे दक्षिणेकडच्या एकेकाळच्या अखंड महाखंडाचे, तुकडे जोडलेल्या नकाशावर त्याच टिकल्या थंड दक्षिण समुद्रांच्या काठाने बसतात. तक्ता करणाऱ्यांनी दोन नकाशे शेजारी शेजारी लावावेत. एकाच नकाशावर सगळं कोंबलं की पाहणाऱ्याच्या हाती काही लागत नाही.

आणि कृपा करून एकाच नकाशावर ट्रायलोबाइट आणि अमोनाइट एका रंगाने दाखवू नका. दोघांच्या भरभराटीच्या काळात कोट्यवधी वर्षांचं अंतर आहे. निदान पुराजीव (ट्रायलोबाइटचा) आणि मध्यजीव (अमोनाइटच्या भरभराटीचा) महाकल्पांचे रंग तरी वेगळे असावेत.

रिकामी जागा वाचता आली पाहिजे

पॅलिओबायोलॉजी डेटाबेससारख्या मोफत संकेतस्थळावर जगाचा नकाशा उघडला की युरोप, अमेरिका टिकल्यांनी भरलेली दिसतात आणि दख्खन जवळजवळ कोरा. यावरून दोन उलट चुका होतात. एक, प्राणी युरोप-अमेरिकेतच जास्त होते. तसं नाही; तिथे शोधणारे जास्त होते आणि शतकानुशतकं शोधत होते. दुसरी, आपल्या लाव्हाखाली अमोनाइट दडलेले असणार, खणलं की झालं. कोयना परिसरात शास्त्रज्ञांनी खोल बोअर घेतले तेव्हा रासाटीजवळ सुमारे ९३० मीटर लाव्हा संपला आणि थेट ग्रॅनाइट-नाइसचा पाया लागला. मध्ये समुद्री गाळाचा थर नव्हताच.

समुद्र देशाच्या आत कुठवर शिरला, हे पातळ थरांवरूनही कळतं. मध्य प्रदेशात उमरियाजवळ १९२१ साली सापडलेला समुद्री थर जेमतेम तीन मीटरचा आहे, पण त्यातल्या ब्रॅकिओपॉडमुळे (शिंपल्यासारखे दोन झडपांचे समुद्री प्राणी) पर्मियन काळात खाडीसारखं पाणी तिथवर आलं होतं हे कळलं. नर्मदेच्या खोऱ्यात बाघजवळ सी अर्चिन, ऑयस्टर, अमोनाइट सापडतात. क्रिटेशस काळात समुद्राचा एक चिंचोळा हात तिथे घुसला होता. बेळगावहून सरळ रेषेत मोजलं तर बाघ आणि अरियलूर दोन्ही साधारण ७०० किलोमीटरवर येतात. सहल काढायची तर कुठे, हे तुम्ही ठरवा. मी अरियलूर म्हणेन, रस्ता बरा आहे आणि डोसाही.

कोकणात गेल्यावर किनाऱ्यालगत शंखशिंपल्यांचा घट्ट झालेला दगड दिसेल. तो भूशास्त्राच्या मानाने अगदी अलीकडचा. परशुरामाच्या कथेशी त्याची सांगड कुणी घातली तर वाद घालत बसू नका, पण अमोनाइटच्या टिकलीशेजारी त्याला बसवू नका.

चिठ्ठी नसलेला दगड

नमुना मिळाला, घरी आणला, डब्यात टाकला आणि वर्षाने विचारलं तर 'कुठून आणला आठवत नाही'. असा नमुना नकाशासाठी मेला. जागेवरच चिठ्ठी लिहा: मोबाइलमधले अक्षांश-रेखांश, गावाचं नाव, खडकाचा प्रकार, अखंड खडकातून की सुटा, तारीख. फोटोत मापासाठी पट्टी ठेवा. नाणं चालेल, पण कोणतं ते लिहा. शेत असेल तर मालकाला विचारा. जीवाश्म उद्यानांतून काहीही उचलायचं नाही, मनेंद्रगढ असो वा दुसरं कुठलं.

जुनी माहिती शोधताना जुनी नावं टाकायला विसरू नका. फूटच्या १८७६ च्या अहवालात आपला मुलूख 'साउथ मराठा कंट्री' या नावाखाली आहे. जिल्हा 'बेलगाम', कच्छ वेगळ्या स्पेलिंगने, अरियलूर 'ट्रिचिनोपली'त. बेळगावी हे नाव सरकारदरबारी २०१४ सालचं आहे, त्यामुळे नुसतं तेच टाकलं तर शंभर-दीडशे वर्षांचं काम हाती लागत नाही. खडकांचे नकाशे भारतीय भूवैज्ञानिक सर्वेक्षणाच्या भूकोश पोर्टलवर फुकट बघता येतात. गाव शोधा, खाली कोणता रंग आहे ते बघा, सूचीत त्याचं वय वाचा आणि मगच टिकली हातात घ्या. तरीही दगड ओळखू येत नसेल तर धारवाडला कर्नाटक विद्यापीठात भूगर्भशास्त्र विभाग आहे. चिठ्ठीसकट घेऊन जा.